पाणी चढतंय की उतरतंय? मोठ्या नदीवर गळ टाकण्याआधी

नदीवर मासे धरायला निघालेला माणूस आधी एकच गोष्ट विचारतो: "आज पाणी कसं आहे?" उत्तर बहुतेक वेळा एका आकड्यात येतं. आठ हजार क्युसेक. झालं, तेवढ्यावर जायचं की नाही ते ठरतं. पण हा आकडा एकटा फार थोडं सांगतो. सोमवारी आठ हजार क्युसेक असताना एखाद्या डोहावर दिवसभर बसूनही गळ हलत नाही, आणि शुक्रवारी त्याच आठ हजारांत दोन तासांत चार मासे लागतात. नदी तीच, जागा तीच, आकडाही तोच. सोमवारी पाणी चढत होतं आणि शुक्रवारी उतरत होतं, एवढाच फरक.

एखाद्या पट्ट्यात मासे मिळतील का आणि तिथवर आपल्याला पोचता येईल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं आपण धरून चालतो. माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. ज्या चढउतारामुळे मासा जागा बदलतो, त्याच चढउतारामुळे आपली उभं राहायची जागा पाण्याखाली जाते.

आकड्यात काय असतं

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८.३ लिटर. आठ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला आपल्यासमोरून सव्वादोन लाख लिटरहून जास्त पाणी जातं. काही देशांत हेच माप घनमीटरमध्ये देतात. सेकंदाला एक घनमीटर म्हणजे ३५.३ क्युसेक.

पुलाच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी मात्र विसर्ग सांगत नाही, ती फक्त पातळी सांगते. पट्टीवर दोन मीटर दिसलं म्हणजे नदी दोन मीटर खोल आहे, असा अर्थ काढू नका. शून्य कुठे धरायचं हे पट्टी बसवणाऱ्याने ठरवलेलं असतं. म्हणून एका पुलावरचे दोन मीटर आणि पुढच्या पुलावरचे दोन मीटर यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. पातळीवरून विसर्ग काढायचा तर नदीत उतरून वेग आणि खोली वेगवेगळ्या पाण्यात पुन्हा पुन्हा मोजावी लागते आणि त्यांचा मेळ पातळीशी घालावा लागतो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १८८९ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एम्बुडो इथे रिओ ग्रांदे नदीवर पहिलं मोजणी केंद्र सुरू केलं, तिथे माणसं हेच शिकत होती. मोठा पूर येऊन गेला की तळाची वाळू सरकते आणि जुना मेळ बिघडतो. तेव्हा पुरानंतर "इतकी पातळी म्हणजे इतकं पाणी" हा आपल्या डोक्यातला हिशेबही नव्याने मांडावा लागतो.

एकाच पट्टीचे काही तासांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे मात्र सोन्यासारखे असतात. त्यांतून दिशा कळते.

चढतं पाणी, उतरतं पाणी

पाऊस पडला की चढतं पाणी आधी सैल असलेलं सगळं उचलतं: काठावरची भुसभुशीत माती, नाल्यांत साठलेला गाळ, पालापाचोळा. त्यामुळे गढूळपणाचा कळस बहुतेक वेळा पाण्याच्या कळसाच्या आधी येऊन जातो. उतरताना तोच विसर्ग पुन्हा येतो तेव्हा उचलण्यासारखं फारसं उरलेलं नसतं आणि पाणी निवळायला लागलेलं असतं. सोमवार आणि शुक्रवारच्या फरकाचा पहिला भाग हा. अर्थात लांबच्या एखाद्या उपनदीतून उशिरा गाळ येत असेल तर क्रम उलटतो. म्हणून वरच्या अंगाला कोणती उपनदी कुठे मिळते हे नकाशावर बघून ठेवलेलं बरं.

दुसरा भाग माशांच्या वागण्याचा. पाणी भरभर चढायला लागलं की मासा नेहमीची जागा सोडून काठाकडे, नव्याने बुडालेल्या गवतात सरकतो. तिथे प्रवाह कमी असतो आणि वाहून आलेल्या किड्या-गांडुळांची रेलचेल असते. त्या गर्दीत आपलं आमिष हरवून जातं. पाणी उतरू लागलं की हेच मासे पुन्हा मुख्य पात्राकडे परततात आणि परतीच्या वाटा ठरलेल्या असतात: ओहोळाचं तोंड, बाजूच्या फाट्याचा शेवट, बुडालेल्या कुरणातला खोलगट भाग. उतरत्या पाण्यात अशा तोंडाशी उभं राहिलेल्या माणसाला मासा शोधावा लागत नाही, मासाच त्याच्याकडे येत असतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण कंबोडियात आहे. पावसाळ्यात मेकाँग इतकी चढते की तिला मिळणारी तोन्ले साप नदी उलटी वाहू लागते आणि वरच्या तळ्यात पाणी भरतं. ते तळं कित्येक पटींनी पसरतं, भोवतालचं जंगल बुडतं, मासे त्यात शिरून वाढतात. पाणी उतरायला लागलं की नदी पुन्हा सुलटी होते आणि मासे लोंढ्याने मेकाँगकडे निघतात. तिथले कोळी त्या परतीच्या वाटेवर मोठी पिशवीजाळी लावून बसतात. १९८९ मध्ये नद्यांचे अभ्यासक वोल्फगांग युंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या नद्यांच्या जीवनचक्राचा विचार या वार्षिक चढउतारातूनच करायला हवा, अशी मांडणी केली. कोळ्यांच्या पिढ्या त्या मांडणीवरच जगत आल्या आहेत.

चढतं पाणी नेहमी वाईटच, असं मात्र नाही. हळूहळू वीतभर वाढलेलं आणि जरासा रंग आलेलं पाणी मला नितळ पाण्यापेक्षा जास्त आवडतं. त्यात मासा कमी बुजतो. ताकासारखं गढूळ पाणी ही वेगळी गोष्ट. नजरेवर शिकार करणारा मासा तिथे आंधळा होतो, पण मांगूरसारख्या मिशाळ माशांचं तेवढं बिघडत नाही. त्यांच्या मिशांवरच नव्हे तर सगळ्या कातडीवर चवीची इंद्रियं असतात. अशा वेळी चमकणारं आमिष पेटीत ठेवावं आणि वास सुटणारं काढावं.

दिशा ओळखायला मोजपट्टी नसली तरी चालतं. मी पोचल्यावर गळ काढण्याआधी पाण्याच्या कडेचा एखादा मोठा दगड बघतो. पाण्याच्या वर बोटभर काळपट ओला पट्टा दिसला, त्यावर चिखलाची पातळ साय असली, तर पाणी उतरतंय. दगड पाण्याच्या रेषेपर्यंत कोरडा असेल, कडेला कोरडी पानं आणि काटक्या नुकत्याच तरंगायला लागल्या असतील, मुंग्या घाईने वर चढत असतील, तर पाणी चढतंय. लाटा मारणाऱ्या काठावर हे फसवं ठरू शकतं, म्हणून आडोशाचा दगड निवडावा.

मासा कुठे असतो आणि आपण कुठे

वाहत्या पाण्यात उभं राहायला माशाला ताकद खर्चावी लागते. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. म्हणून मासा संथ पाण्यात राहतो, पण वेगवान पाण्याच्या अगदी शेजारी, कारण अन्न तिथून वाहत येतं. या दोन पाण्यांमधली शिवण नजरेला दिसते: एका बाजूला पाणी सुरकुतलेलं, दुसऱ्या बाजूला तेलासारखं, आणि मधून फेसाची रेघ चाललेली. गळ त्या रेघेवर सोडायचा. तळाशी आणि काठाशी घर्षणामुळे वेग कमीच असतो, त्यामुळे वरून उधाणलेली दिसणारी धारसुद्धा तळाच्या गोट्यांमागे माशाला विसावा देते.

वळणाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते मोठी नदी समजून घ्यायची किल्ली तीच आहे. १९२६ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी नद्यांच्या वळणांवर एक छोटा निबंध लिहिला आणि त्यात चहाच्या कपाचं उदाहरण दिलं. कपात तळाशी चहाची पानं आहेत आणि आपण चमच्याने पाणी गोल फिरवलं. पानं बाहेरच्या कडेला फेकली जातील असं वाटतं, पण ती मधोमध गोळा होतात. कारण तळाजवळचं पाणी घर्षणाने मंदावलेलं असतं, त्याला बाहेर फेकणारा जोर कमी पडतो. वरचं पाणी बाहेरच्या कडेला जातं, खाली वळतं आणि तळावरून आत परत येतं, येताना पानं ओढून आणतं. नदीच्या वळणावर हेच घडतं. वरचं वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळून तो पोखरतं, तळाचं पाणी वाळू-गोटे आतल्या काठाकडे आणून टाकतं. वर्षानुवर्षं हे चाललं की बाहेरच्या काठाला खोल डोह होतो आणि आतल्या काठाला वाळूचा उतरता पट्टा.

म्हणजे मासे एका काठाला आणि आपल्याला धड उभं राहायला जागा दुसऱ्या काठाला. बाहेरचा काठ उंच, तुटका, खालून पोखरलेला असतो. वरून गवताचा घट्ट थर दिसतो आणि खाली पोकळी असते. त्या कडेवर मी उभा राहत नाही. आतल्या पट्ट्यावरून गळ लांब फेकून डोहाच्या अलीकडच्या उताराशी सोडतो.

ऊन वाढलं की काय होतं

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. शून्य अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात साधारण १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २० अंशाला ९.१ आणि ३० अंशाला ७.६. दुसरीकडे मासा थंड रक्ताचा. पाणी तापलं की त्याच्या शरीराची भट्टी जोरात चालते आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. गरज वाढते आणि पुरवठा आटतो. ट्राउटसारख्या थंड पाण्यातल्या माशाला २० अंशांच्या पुढेच त्रास सुरू होतो. कार्प बरंच सहन करतो. मरळ आणि मांगूर तर पृष्ठभागावर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतात.

म्हणून कडक उन्हाळ्यात पहाटेची वेळ साधायची. पाणी रात्रभर निवत आलेलं असतं आणि दिवसातलं सगळ्यात थंड पाणी सकाळीच मिळतं. संथ, शेवाळलेल्या डोहात मात्र पहाटे वेगळी अडचण असते: रात्रभर वनस्पती प्राणवायू वापरतात, तयार करत नाहीत, म्हणून तिथे उजाडताना प्राणवायू सगळ्यात कमी असतो. तिथल्यापेक्षा खळाळाच्या पायथ्याशी जावं. तिथे पाणी आपटून हवा खेचून घेत असतं.

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात पाण्याचं तापमान सलग तीन दिवस सुमारे २३ अंशांवर गेलं की दुपारी २ पासून मध्यरात्रीपर्यंत ट्राउटच्या नद्यांवर मासेमारी थांबवण्याची पद्धत आहे. धरून सोडलेला मासा अशा पाण्यात पोहत गेलेला दिसला तरी नंतर मरू शकतो. असा नियम नसेल तिथेही थर्मामीटर खिशात ठेवणं अवघड नाही.

हवेच्या दाबाबद्दल मात्र जरा बोलायला हवं, कारण "दाब उतरला की मासा खातो" हे अनेकदा ठामपणे सांगितलं जातं. एक सेंटीमीटर खोल गेलं की पाण्याचा दाब साधारण एक हेक्टोपास्कलने वाढतो. वादळाआधी हवेचा दाब दहा हेक्टोपास्कलने उतरला तर माशाला वीतभरापेक्षाही कमी वर आलं तरी तेवढाच बदल मिळतो, आणि दिवसातून कित्येकदा तो त्याहून जास्त खालीवर करतो. वादळाआधी मासे लागतात हे मीही अनुभवलंय, पण त्याचं श्रेय मी ढगांना, कमी झालेल्या उजेडाला आणि वाऱ्याने पाण्यात पडणाऱ्या किड्यांना देतो.

धरणाखालचा पट्टा

धरणाखाली नदीचं वेळापत्रक पावसाच्या हातून माणसाच्या हाती जातं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवरचं ग्लेन कॅन्यन धरण आणि त्याखालचा लीज फेरीपर्यंतचा सुमारे २५ किलोमीटरचा पट्टा बघा. १९६३ मध्ये तिथे पाणी अडवायला सुरुवात होण्याआधी नदी गढूळ, उन्हाळ्यात कोमट आणि हिवाळ्यात गोठायच्या बेतात असायची. उन्हाळ्यात खोल जलाशयाचे थर पडतात: वर तापलेलं हलकं पाणी, खाली थंड जड पाणी. वीजनिर्मितीचे दरवाजे खोलवर असल्याने नदीला तळातलं थंड, नितळ पाणी मिळू लागलं. बाहेरून आणून सोडलेला रेनबो ट्राउट तिथे फोफावला आणि हंपबॅक चबसारख्या मूळच्या माशांचे हाल झाले. पुढे दुष्काळाने जलाशय खाली गेला, वरचा कोमट थर दरवाजांच्या जवळ आला आणि खालची नदी तापू लागली. २०२२ मध्ये धरणाखाली स्मॉलमाउथ बास या शिकारी माशाची पिल्लं सापडली. त्यांची वाढ रोखायला २०२४ मध्ये आणखी खोलवरचं थंड पाणी बाजूच्या नळांतून सोडून मिसळावं लागलं. एका पट्ट्यात कोणता मासा राहील, हे इथे वरच्या तळ्याच्या पातळीवर ठरतं.

विजेची मागणी दिवसा वाढते, रात्री घटते, आणि नदीही तशी चढते-उतरते. याचा फटका किड्यांना बसतो. अनेक पाणकिडे पाण्याच्या कडेला अंडी घालतात. काही तासांत पाणी उतरलं की अंडी उघडी पडून वाळतात. किडे कमी म्हणजे माशांना खाणं कमी. म्हणून तिथे २०१८ मध्ये एक प्रयोग सुरू झाला: उन्हाळ्यात शनिवार-रविवारी विजेची मागणी कमी असते, ते दोन दिवस पाणी खालच्या पातळीवर स्थिर ठेवायचं, म्हणजे तेव्हा घातलेली अंडी पुढे उघडी पडणार नाहीत. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण यात पाणी एक थेंबही वाया जात नाही, फक्त वेळ बदलते.

धरणातून सोडलेलं पाणी खाली पोचायला तास लागतात. वाढीची लाट पाण्यापेक्षाही जलद पुढे जाते. पातळी आधी वाढते. धरणातून निघालेलं ते थंड पाणी नंतर येऊन पोचतं. तेव्हा "पाणी अजून तसंच कोमट आणि नितळ आहे, म्हणजे सोडलेलं आलेलं नाही" हा अंदाज चुकीचा, आणि तो जिवावर बेतू शकतो.

काठापर्यंतची वाट

लीज फेरी हे नाव तिथे चालणाऱ्या नावेवरून पडलं. शेकडो किलोमीटर उभ्या कड्यांच्या घळईत पाण्यापर्यंत गाडी नेता येईल अशी ही दुर्मीळ जागा. कडे तिथे बाजूला सरतात, म्हणून १८७० च्या दशकापासून लोक तिथे नदी ओलांडायचे. आजही तिथून वरच्या पट्ट्यात जायचं तर होडी लागते, आणि होडी नसणारे धक्क्याजवळच्या थोड्या काठावर उभे राहतात. शिवाय पॅरिया ही उपनदी तिथेच खाली मिळते. वरच्या अंगाला पाऊस झाला की ती लाल चिखल आणते. वर नितळ, खाली गढूळ, असा फरक थोड्याशा अंतरात दिसतो.

जमिनीने वाट दिली तरी कायदा देईलच असं नाही. सम्राट जस्टिनियनच्या ५३३ सालच्या रोमन कायद्याच्या ग्रंथात नद्या सर्वांच्या, त्यांतली मासेमारी सर्वांना खुली आणि काठ खासगी मालकीचा असला तरी त्याचा वापरही सार्वजनिक, असं म्हटलं आहे. पुढे देशोदेशी वाटा फुटल्या. इंग्लंडमध्ये भरती-ओहोटी पोचते तिथवर मासेमारीचा हक्क जनतेचा, त्याच्या वर मात्र साधारणपणे काठाच्या मालकाचा, तोही प्रवाहाच्या मध्यापर्यंत. मोंटानाच्या १९८५ च्या कायद्याने पाण्याची नेहमीची वरची रेषा आखून दिली: तिच्या आत कोणीही फिरू शकतो, पण तिथे पोचायला खासगी शेत ओलांडता येत नाही. मग सार्वजनिक रस्त्याच्या पुलावरून उतरता येईल का यावर वाद झाले आणि २००९ मध्ये त्याला कायद्याने मान्यता मिळाली. ती रेषा ओळखायची तर जमिनीकडेच बघावं लागतं: जिथे जमिनीवरची झुडपं संपतात आणि वारंवार धुतलेली माती-गोटे सुरू होतात. भारतात मासेमारी राज्यांच्या अखत्यारीत आहे, त्यामुळे राज्य बदललं की नियम बदलतात.

नियमांत ऋतूही येतो. इंग्लंडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या विणीच्या काळात ट्राउट-सामन सोडून बाकी गोड्या पाण्यातल्या माशांची गळाने मासेमारी बंद असते. धरण आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशीही बऱ्याच ठिकाणी मनाई असते आणि तिचं कारण पाळण्यासारखं आहे. वर जायची वाट अडल्याने मासे तिथे गोळा होतात, म्हणून माणूस ओढला जातो. पण बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली उलटं फिरतं आणि त्यात सापडलेल्याला पुन्हा पुन्हा आत ओढतं. वरून ते पाणी अगदी साधं दिसतं.

पाण्यात उतरून नदी मोजणारे लोक एक ढोबळ हिशेब वापरतात: खोली फुटांत, वेग सेकंदाला किती फूट, दोन्हींचा गुणाकार दहाच्या वर गेला तर उतरायचं नाही. तीन फूट पाणी सेकंदाला साडेतीन फुटांनी वाहत असेल तर झाला साडेदहा. ही माणसं सरावलेली असतात, मी पाचवरच थांबतो. वेग काढायला काठावर दहा फुटांच्या अंतराने दोन दगड ठेवतो आणि काटकी सोडून सेकंद मोजतो. चार सेकंद लागले तर वेग अडीच, म्हणजे माझ्यासाठी पाणी दोन फुटांपेक्षा खोल नको.

आतल्या काठाच्या वाळूच्या पट्ट्यावर जाताना बहुतेक वेळा मागे एक उथळ फाटा ओलांडावा लागतो. येताना घोटाभर असलेलं ते पाणी आधी भरतं, आणि आपलं लक्ष समोरच्या डोहावर असतं. म्हणून मी फाटा ओलांडला की त्याच्या कडेला, पाण्याच्या अगदी रेषेवर, एक काठी रोवतो आणि गळ टाकताना दर थोड्या वेळाने मागे वळून तिच्याकडे बघतो. काठीचं बूड पाण्यात गेलेलं दिसलं की दोरी गुंडाळायची, मग गळाला मासा हलत असला तरी.